कोरी बोटे

यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखविला. ठसेमास्तरांनी काच पुसली, म्हातारीचे बोट अलगद टेकविले, आणि पडद्यावर पुन्हा तोच पांढरा, कोरा अंडाकार उमटला. बोट होते, बोटावर रेषा नव्हती.

देशात चोरवाटेने आलेल्या प्रत्येक मनुष्याची बोटे ठसेमास्तरांच्या काचेवर टेकत. कोणाच्या बोटी शंख, कोणाच्या चक्र. या विद्येचे त्यांना इतके वेड, की "पाहुणा दारात आला की हे तोंडाआधी बोटं बघतात," असे त्यांची पत्नी चारचौघांत म्हणे. परंतु असे बोट त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

"विस्तवात घातलीत की काय, मावशी?"

म्हातारीने लेकीकडे पाहिले. लेक या देशात आधीच स्थिरावलेली होती. आईचे बोलणे तीच उलगडून सांगे.

"नाही हो साहेब. आई गिलावा करते. चुना भिंतीवर चढवायचा आणि आरशासारखा होईपर्यंत उघड्या हातांनी घोटायचा. वाटेत ज्यांनी आसरा दिला, त्यांच्या भिंती घोटत ती इथवर आली. रेषा चुन्यानं खाल्ल्या."

म्हातारी मध्येच काही पुटपुटली. लेक ओशाळली. "ती विचारते, तुमच्या मागची भिंत कुठल्या गाढवानं केलीय?"

ठसेमास्तरांनी वळून पाहिले. भिंतीचे पोपडे सुटले होते. त्यांना हसू आले.

आसपासच्या देशांत एक करार झालेला होता. अशा मनुष्याचा ठसा ज्या देशात प्रथम घेतला गेला, त्या देशाने त्याला परत न्यावे व त्याची आसऱ्याची कैफियत ऐकावी. मुदतीत ठसा जुळला नाही, तर तो मनुष्य जेथे असेल त्या देशाने ऐकावी. ठसेमास्तरांना हे न्याय्य वाटे. भार सर्वांनी वाटून घ्यावा, यात वावगे ते काय?

"पंधरवडाभर हातांना काम नको," त्यांनी नियमाप्रमाणे बजावले. "तेल लावा. रेषा परत येतील. कातडी खोटं बोलत नाही."

तो पंधरवडा त्यांना फार लांब वाटला. शंख असेल की चक्र? जेवताना घास हातात घेऊन ते थबकत.

मायलेकी आल्या. यंत्राने लाल दिवाच दाखविला. पण ठसेमास्तरांनी भिंग काढले आणि त्यांचा चेहरा उजळला. नुकत्याच रुजलेल्या अंकुरांसारख्या बारीक रेषा गोल फिरत वर येत होत्या.

"चक्र! मावशी, चक्र आहे तुमच्या बोटाला! आठवडाभरात पुरं उमटेल बघा."

त्यांनी भिंग तिच्या हाती दिले. म्हातारीने जन्मात प्रथमच स्वतःचे बोट असे न्याहाळले आणि ती लहान मुलीसारखी हसली. लेक हसली नाही.

"काय झालं, ताई?"

"वाटेतल्या पहिल्या देशात ठसा घेतला, त्याआधी ती कित्येक महिने नुसती चालत होती, साहेब. हातांना काम नव्हतं, रेषा होत्या; भिंती घोटल्या त्या नंतर. तो जुळेल. मग तिला पुन्हा तिथल्या निर्वासितांच्या तंबूत नेतील." तिचा आवाज खाली गेला. "बाबा तिथंच तापानं गेले. आई औषध मागायला गेली, तर रांगेत उभी राहा म्हणाले. तिची पाळी येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. कुठं पुरलं, तेही कोणी सांगितलं नाही."

"मुदत कधी संपते?"

"आठवड्यानंच."

 आणखी आठवडाभर हातांना विश्रांती द्या, एवढेच वाक्य ठसेमास्तरांनी उच्चारावयाचे होते. ते ओठांवर आलेही. त्यांनी म्हातारीचे बोट हाती घेऊन ते अर्धे चक्र पुन्हा एकवार डोळे भरून पाहिले. मग भिंग मिटून खिशात घातले आणि खुर्ची मागे वळविली. भिंतीचा एक पोपडा आपणहून खाली पडला.

"मावशी, तुम्हाला रिकामं बसवत नसेल. उद्यापासून ही भिंत घ्या करायला. चुना मी आणतो."

लेक त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"आणि एक सांगून ठेवतो," ते दरडावून म्हणाले. "हातमोजे मिळणार नाहीत."