वजीरची बारी

"आबा, फेटा उतरवा. तुमाला जायचं न्हाई."

सविता हे सकाळपासून चौथ्यांदा सांगत होती. तिचे सासरे, भिमाजी आबा, घराच्या स्लॅबवर खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला गुलाबी फेटा, पायांत वहाणा, आणि नजर ओढ्यापलीकडच्या माळावर. तिथं यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचा घाट भरला होता. इथून कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण भोंग्यावरचा निवेदक मात्र अंगणात उभा राहून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

सविता गावची आशाताई. गेले पंधरा दिवस तिनं दारोदार फिरून घसा कोरडा केला होता. फ्लूची साथ आहे, म्हाताऱ्यांना नि लेकरांना गर्दीत नेऊ नका, जाणारच असाल तर नाकाला रुमाल बांधा. लोकांनी "व्हय व्हय" म्हणत तिला चहा पाजला आणि आज अख्खा गाव लेकराबाळांसकट घाटावर हजर! तिच्या ताब्यात उरले होते ते एकटे आबा. महिन्यापूर्वी याच साथीत त्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता. पुन्हा गर्दीतून दुखणं घेऊन आले तर हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं.

पण खरं सांगायचं तर जीव तिचाही घाटावरच होता. बाटलीनं दूध पाजून आबांनी वाढवलेला बैल, वजीर, आज पहिल्यांदा पळणार होता.

"पुढची बारी, भिमाजी आबांचा वजीर!" भोंगा गरजला.

सविता टाचा उंचावून उभी राहिली. आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता गाडा सोडायची 'भिर्रर्र' आरोळी होईल, मग होईल, म्हणून दोघं कान लावून थांबले. झालं काहीच नाही. वाजला तो सविताचा फोन.

पडद्यावर तिच्या नवऱ्याचा, संदेशचा, घामेजलेला चेहरा आला. "सविता, आबांना धाड! जोडीदार उभा हाय, पर वजीरनं बसकण मारलीय. उठतच न्हाई. पाच मिन्टांत गाडा सुटला न्हाई तर बारी बाद! कुणाला तरी गाडी घेऊन पाठवतो."

आबा उठलेच. सविता जिन्याच्या तोंडाशी आडवी झाली.

"सर बाजूला, पोरी. त्यो माजाच आवाज वळखतो."

"मग आवाज जाईल, आबा. तुमी न्हाई." आणि ती फोनवर ओरडली, "आवो, फोन भोंगेवाल्याच्या माइकला लावा!"

"अगं, असं कुटं—"

"लावा म्हणते ना!"

पडद्यावर धावणारे पाय दिसले, कुणाचं तरी धोतर दिसलं, आभाळ दिसलं आणि मग माइकची जाळी नि तिच्यापलीकडची गर्दी आली. सवितानं फोन आबांच्या तोंडापाशी धरला. आबांनी छाती भरून श्वास घेतला.

"वजी—"

आणि घसा अडकला. आबांना खोकला आला. तोही साधासुधा नाही, पार बेंबीच्या देठापासून आलेला. चारही भोंगे एकदम खोकले. समोरच्या डोंगरानं तो खोकला परत पाठवला. अख्खा माळ गप्प झाला.

पडद्यावर सवितानं पाहिलं आणि तिचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढच्या रांगेतल्या एकानं टॉवेल नाकाला गुंडाळला. मग शेजारच्यानं. मग बायांचे पदर चढले, रुमाल निघाले, पोरांची तोंडं झाकली गेली. निवेदकानं तर स्वतःच्याच माइकपासून चार पावलं माघार घेतली. पंधरा दिवसांत तिला जमलं नाही, ते आबांच्या एका उबळीनं करून दाखवलं होतं.

"वजीर बगा, वजीर!" ती किंचाळली.

संदेशनं फोन वळवला. वजीर उभा होता! घाटाच्या वरच्या टोकाला जिथं भोंगे बांधले होते, तिकडं त्यानं कान ताठ केले होते.

"भिर्रर्रर्र!"

मग फोनकडं कोण बघतंय! माळावर धुळीची एक रेघ खालून वर सुसाट गेली. सविता ओरडत होती, आबा खोकत खोकत ओरडत होते, आणि भोंग्याचा तर ओरडून घसाच बसायचा बाकी होता. "तेरा सेकंद! तेरा सेकंदांत घाट मारला! वजीर एक नंबरात!"

आशाताई असल्याचं विसरून सविता स्लॅबवर चक्क नाचली.

दम खाऊन आबा खुर्चीत टेकले. डोळे पाण्यानं भरले होते. "रोज पाटंचं खोकत खोकतच गोठ्यात जायचो म्या. आदी माजा खोकला, मग त्याची पेंड. ह्यो म्हैनाभर दुखण्यानं म्या गोठ्यात गेलोच न्हाई, त्यानं ऐकलाच नव्हता गं. त्याला वाटलं, आबा वर हुबा हाय."

सवितानं त्यांचा निसटलेला फेटा सारखा केला.

ऊन उतरलं तशी शेजारची झुंबरबाई घाटावरून परतली. नाकावरचा पदर तिनं अजून सोडला नव्हता. अंगणात थांबून ती वर बघत कडाडली, "काय गं सविते! आमास्नी घरात बसा म्हणतीस, आन् सासऱ्याला घाटावर धाडतीस व्हय? समद्या गावानं ऐकलाय म्हाताऱ्याचा खोकला!"

आबा कठड्यावरून खाली वाकले.

"म्या कुटं गेलतो, झुंबरबाई? खोकला तेवढा गेलता."