कफाचं बटण

"आई, तू काय काम करायचीस?" लेकीनं पहिला प्रश्न विचारला आणि फोन आईच्या बाजूला सरकवला.

"काम? ही?" कपाटाशी उभे असलेले बाबा म्हणाले. "ही घरीच असायची. शिंप्याच्या दुकानात मी होतो. कटिंग मास्तर, तेहतीस वर्षं. लिही."

लेकीनं काही लिहिलं नाही. फोनवर लाल ठिपका पेटला होता, शेजारी आकडे धावत होते. कॉलेजातल्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, प्रश्न विचारा आणि थांबा. बोलणारीच्या तोंडात आपले शब्द कोंबू नका. गप्प बसली तर किती सेकंद गप्प बसली, तेही लिहा. कम्युनिटी कॉलेजातला दुपारचा वर्ग, विषय स्त्री-अभ्यास, वर्गात सगळ्या कामावरून धापा टाकत आलेल्या बाया. घरातल्या एका बाईची मुलाखत घ्यायची होती, तिच्या स्वतःच्या आवाजात. बाकीच्यांना पंधरा दिवस होते. हिला ही एकच दुपार होती. उद्या सकाळी आईच्या गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि गाठीबरोबर आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"बाबा, तिला बोलू द्या ना."

"अरे वा, कॉलेजकुमारी!" अडतिसाव्या वर्षी दप्तर उचललेल्या लेकीला ते याच नावानं हाक मारत. "हिच्या घशाला ताण द्यायचा नाही, ऐकलंस ना? मग विचार मला. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे. हिचं मला ठाऊक नाही असं काय असणार?"

आवाज चढलेला नव्हता. ते उद्याची पिशवी भरत होते. टॉवेलाची घडी तिसऱ्यांदा मोडून पुन्हा घालत होते.

"मग काजं-बटणं कोण करायचं? दुकानातले सगळे शर्ट घरी यायचे, ते?"

"ते होय! ही करायचीच की. पण ते काय काम झालं? बसल्या बसल्या."

आईनं आपल्या उजव्या हाताचं बोट अंगठ्यानं चोळलं. सुई टोचून टोचून त्या बोटाचं टोक कधीच बधिर झालं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी पिशवीतून एक छोटी पाटी काढून दाखवली.

"ही बघ, घेऊन ठेवलीय. उद्यापासून काही सांगायचं तर हिच्यावर. आता हिला सहीपुरतंच लिहिता येतं, ते सोड. मी लिहीन की हिच्या वतीनं!"

ते हसले. आईही हसली, नेहमीच्या ठिकाणी हसायची तशी.

लग्न कसं ठरलं, बाबांनी सांगितलं. दुखणंखुपणं बाबांनी सांगितलं. तुला काय व्हायचं होतं, या प्रश्नाला तर ते पिशवी खाली ठेवून खुर्चीवरच बसले, "हिला कसली आलीय हौस? साधी आहे ती," म्हणाले. मॅडमनी दिलेले दहा प्रश्न संपले. आकडे एकवीस मिनिटांवर गेले होते. आई त्यात फक्त खोकली होती.

अकरावा प्रश्न लेकीच्या मनातला होता.

"आई, काजं करताना तू काहीतरी गुणगुणायचीस. मी तुझ्या पाठीला कान लावून निजायचे, तर ते पाठीतून ऐकू यायचं. काय होतं गं ते?"

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"गुणगुणायची? ही?" त्यांनी जरा आठवून पाहिलं. "छे. मी तर नाही कधी ऐकलं."

लेक सेकंद मोजू लागली. सात झाले, आठ झाले. आईनं नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"नसेन," ती म्हणाली. आवाज खरवडून काढल्यासारखा.

"झालं?" बाबांनी फोन उचलला, लाल ठिपका दाबून विझवला आणि तो वर, कपाटाच्या फळीवर ठेवला. "कोमट पाणी आणतो तुला," म्हणत आत गेले.

खोलीत मायलेकी उरल्या.

"हात इकडे कर," आई म्हणाली. "कफाचं बटण लोंबतंय."

डबीतली सुई, डबीतला पांढरा दोरा. चष्मा न लावता तिनं सुई ओवली, लेकीचं मनगट मांडीवर घेतलं. एक टाका घातला. दुसरा घातला. तिसऱ्या टाक्याला तिच्या गळ्यातून, कुठून तरी फार खालून, सूर निघाला. शब्द नव्हते. नुसती चाल, वर चढायची, वळायची, पुन्हा घरी यायची.

लेकीनं फळीकडे पाहिलं. फोन चार पावलांवर होता. पण बाही दोऱ्यात होती, दोरा सुईत, सुई आईच्या बोटांत. उठलं की ओढ बसणार आणि चाल तुटणार. ती हलली नाही. सेकंद मोजायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"कण्हतेस का गं?" आतून बाबांची हाक आली. भांडं आपटल्याचा आवाज झाला. "फार दुखतंय का? आलो, आलो! बोलू नकोस!"

चाल वळणावरच थांबली. आईनं गाठ मारली, मनगटाशी वाकून दातानं दोरा तोडला. मग बटण चिमटीत धरून एकदा ओढून पाहिलं.

"आता नाही सुटायचं," ती म्हणाली.