ब्रेकमधली हवा

शितलनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून तिचे वडील संपतआप्पा जावयाशी बोलत नव्हते. आज दोघं आप्पांच्या वरवंडच्या गॅरेजात आली, ती गाडीच्या पुढच्या चाकातून धूर काढतच. तशा ब्रेकवर लेकीला हायवेला सोडायला आप्पांचा जीव धजेना. त्यांनी चाकावरचा ब्रेकचा कॅलिपर उतरवला, अडकलेला पिस्टन साफ केला, नवं सील घातलं. आता ब्रेकमधली हवा काढायला पेडलवर कुणीतरी हवं होतं.

"मला त्यातलं काय कळतंय, आप्पा?" म्हणत शितलनं नवऱ्यालाच सीटवर बसवलं.

"त्याला म्हणावं, दाबून धर," आप्पा चाकाशी बसून म्हणाले.

"अहो, आप्पा म्हणत्यात, दाबून धरा."

निरोप पोचायच्या आतच पाय उचलला जायचा आणि हवा परत आत शिरायची. ऊन कलंडलं तरी पेडल मऊच. आप्पा अगदी रडकुंडीला आले.

"जावईबापू, मी सोडा म्हणल्याबिगर पाय उचलू नका!"

"व्हय, आप्पा."

बघता बघता पेडल कडक झालं. चहा झाला, निरोप घेऊन झाला, गाडी हायवेकडं वळली.



स्टिअरिंगवर शितल होती.