पाचवं नाव

मेंढीच्या शेपटाची चरबी आणि कलेजी ताटात आली. दोन्ही घरांनी त्यातला घास खाल्ला की सोयरीक पक्की. त्याआधी सात पिढ्यांची नावं म्हणायची, आणि एक जरी जुळलं तरी लग्न नाही.

नवरीची आजी उल्झान, तिच्या मुलाने आपले पूर्वज असे घडाघडा म्हटले, जणू ते बाहेर घोडे बांधून उभेच आहेत. मग नवऱ्या मुलाचे आजोबा बेर्दिबाय यांनी आपले म्हटले. पाचवं नाव दोन्हीकडे एकच निघालं. तोक्सान.

"ही तर भावंडं झाली! उचला ताट," कुणीतरी म्हणालं. नातीचा चेहरा पडला. उल्झानने बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"कसली भावंडं?" बेर्दिबाय म्हणाले. "आमचा पूर्वज तोक्सानचा मुलगा नव्हेच. खीव्याच्या बाजारातून तोक्सानने विकत आणलेला गुलाम तो. बापाचं नाव आठवेना, म्हणून धन्याचं लावलं."

"तरीच! घोड्यावर बसायची ढब बघूनच मला शंका आली होती," उल्झानचा मुलगा म्हणाला. सगळे हसले. बेर्दिबायही हसले आणि पहिला घास त्यांनी उल्झानला भरवला.

"खा, विहीणबाई. पोरं सुखात राहू देत."

तिने मान वर न करता तो गिळला. तोक्सानने आणलेला गुलाम हा त्यांचा नव्हे, आपल्याच घरचा पूर्वज, हे मरताना सासूने तिला एकटीलाच सांगितलं होतं. बेर्दिबायच्या घरीही ते कुणाला ठाऊक असेल, असं मात्र तिला आजवर वाटलं नव्हतं.