सुलूच्या अभ्यासाची गाणी

गिरण्यांचा संप वर्षभर चिघळला होता तेव्हाची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत माझी नणंद सुलू एम.ए.च्या प्रबंधासाठी टेपवर विलायती गाणी लावायची, आणि संपामुळे घरी बसलेले सासरे कपाळाला हात लावायचे. एक दिवस त्यांनी टेपच उचलला.

"विषय बदल, नायतर कॉलेज बंद. ह्या बोंबलण्याला काय अभ्यास म्हणतात?"

"आबा, ही गिरणी कामगारांचीच पोरं आहेत. त्यांच्या गावातल्या गिरण्या बंद पडल्या, म्हणून बोंबलतायत."

आबांनी टेप जागेवर ठेवला. आवाज स्वतःच वाढवला आणि एक अक्षर कळत नसताना अख्खं गाणं मान डोलावत ऐकलं.

मग हळूच विचारलं, "सुलू, त्यांच्या गिरण्या सुरू झाल्या का गं परत?"