पाळण्यावरचा दिवा

"ताई, भीती घालवायचा दिवा आणलाय म्हणे भावजींनी. मुळात भीती घालतं कोण, ते विचार ना!" रेवाच्या बारशाला धाकटी बहीण शाल्मली म्हणाली होती. रेवाच्या आईने, केतकीने, ते हसण्यावारी नेलं. नवऱ्याने, मिलिंदने, मारहाणीबद्दल हात जोडून माफी मागितली होती, आणि पाळण्यावर तो दिवा लागल्यापासून घर शांत झालं होतं. रेवासुद्धा रडेनाशी झाली. शेजारणी म्हणायच्या, "किती गुणी लेक!"

आज माहेरी, त्या उजेडाविना, आईने पाठीला तेल लावलं आणि केतकी किंचाळली.

"अगं, हे वळ तर ताजे आहेत!"

हो, ताजेच होते. मिलिंदचा हात कधी थांबलाच नव्हता. दिव्याने त्याला बदललं नव्हतं, मार जाणवूच न देता तिलाच गप्प केलं होतं. आणि ती त्याचे आभार मानत होती!

तेवढ्यात अंगणातून मिलिंदची हाक आली, "चला, घरी!" तशी रेवाने कित्येक महिन्यांनी टाहो फोडला. केतकीने आतून कडी घातली. लेकीला छातीशी धरून तीही पोटभर रडली, आणि मग जे शांत वाटलं, ते तिचं स्वतःचं होतं.

तुमच्या शेजारी कधीच न रडणारं बाळ असेल, तर नुसतं कौतुक करून परतू नका. त्याच्या आईला जरा घराबाहेर बोलवा आणि विचारा, "बरी आहेस ना गं?"