भावी निनादची संमती

“दिवाळीनंतर बघू ना, आई,” पडद्यावरचा तिशीतला निनाद कान खाजवत म्हणाला आणि वृंदाचं डोकं सणकलं.

खरा निनाद दहा महिन्यांचा. तिच्या मांडीवर बसून खुळखुळा चावत होता. त्याचं एक वृषण पोटातून खाली उतरलंच नव्हतं. शस्त्रक्रिया तासाभराची, पण नव्या कायद्यानं बाळाच्या मोठेपणीच्या, यंत्रानं घडवलेल्या प्रतिरूपाचीही संमती लागे. दहा महिन्यांच्या पोराला कसला आलाय स्वभाव? म्हणून यंत्रानं तो सरळ बापाचा उचलला होता.

“ही तिसरी तारीख आहे!” वृंदा कडाडली. “दीड वर्षाच्या आत करायला हवं, डॉक्टर कानीकपाळी ओरडताहेत.”

“उतरेल गं आपोआप. आजी तेल लावतेय ना?”

शेजारी बसलेला तिचा नवरा हेरंबही कानच खाजवत होता.

“तुझ्या बाबांच्या वेळीही हेच! तेल चोळलं, दिवाळ्या गेल्या, कुणी हललं नाही. म्हणून तू पोटी यायला अकरा वर्षं लागली मला. अकरा!”

हेरंबचा कानावरचा हात खाली आला. पडद्यावरचाही आला.

“सही कुठे करायची?” दोघांनी एकदमच विचारलं.